अल्पखर्चाच्या संगणकात प्रथम कोणता भाग बदलावा?

संगणकावरील खेळ ही केवळ करमणुकीची बाब मानली, तरी यंत्राच्या दृष्टीने ते अत्यंत कष्टाचे काम होय. पत्र लिहिताना संगणकाचा बहुतेक वेळ आपल्या पुढील अक्षराची वाट पाहण्यात जातो. खेळात मात्र त्याला दर सेकंदास कित्येक नवी चित्रे रचून पडद्यावर दाखवावी लागतात. ज्या घरी एकच संगणक असून त्यावरच मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार व खेळ चालतात, तेथे त्याच्या सुधारणेसाठी थोडाच पैसा हाती असतो. तो चुकीच्या भागावर खर्च झाला, तर पैसाही जातो व गतीही वाढत नाही. म्हणून कोणता भाग प्रथम बदलावा, हा प्रश्न आवडीचा नसून मापनाचा आहे.

चित्र कसे तयार होते

पडद्यावरील हालचाल ही स्थिर चित्रांची मालिका असते. अशा प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सेकंदास 60 फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. 30 फ्रेम पुरेशा असतील, तर 33.3 मिलिसेकंद मिळतात. या अवधीत प्रोसेसर खेळातील पात्रे कोठे आहेत, कशावर काय आदळले, याचा हिशेब करतो व काय काढावयाचे याची आज्ञा ग्राफिक्स कार्डास देतो. त्या आज्ञेनुसार कार्ड प्रत्येक चित्रबिंदूचा रंग ठरविते. 1920 × 1080 बिंदूंच्या पडद्यावर असे 20,73,600 बिंदू असतात.

लग्नघरी एकाने पोळ्या लाटाव्या व दुसऱ्याने भाजाव्या, तसे हे काम चालते. लाटणारा मिनिटास दहा पोळ्या लाटीत असला, पण तव्यावर चारच भाजल्या जात असल्या, तर पंगतीस चारच पोळ्या मिळतील. लाटणाऱ्याचा हात कितीही चपळ केला, तरी पाचवी पोळी मिळणार नाही.

आता आकडे घेऊ. समजा, एका फ्रेमसाठी प्रोसेसरला 10 मिलिसेकंद व कार्डास 25 मिलिसेकंद लागतात. दोघे एकाच वेळी आपापले काम करीत असल्यामुळे गती मंद भागावरून ठरते. ती सेकंदास 40 फ्रेम एवढी येते. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तरी 40 हा आकडा हलत नाही. कार्ड दुप्पट वेगाचे घेतले, तर 80 फ्रेम मिळतात. परंतु त्यानंतर कार्ड पुन्हा दुप्पट वेगाचे केले, तर 160 नव्हे, 100 फ्रेमच मिळतील; कारण आता प्रोसेसर मागे पडला.

अडथळा कसा शोधावा

यासाठी एक साधा प्रयोग आहे व त्यास खर्च नाही. खेळाच्या मांडणीत चित्राचे रिझोल्यूशन 1920 × 1080 वरून 1280 × 720 वर आणावे. बिंदूंची संख्या 9,21,600 होते, म्हणजे निम्म्याहूनही कमी. यामुळे कार्डाचे काम हलके होते. प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. फ्रेमची संख्या स्पष्टपणे वाढली, तर अडथळा कार्डाचा. वाढली नाही, तर तो बहुधा प्रोसेसरचा समजावा.

विंडोजमधील टास्क मॅनेजर प्रत्येक भागावरील भार दाखवितो, पण तो वाचताना सावध असावे. चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा एकच गाभा पूर्ण राबत असेल व इतर स्वस्थ असतील, तर एकूण भार 25 टक्के दिसतो. तथापि खेळ त्या एका गाभ्यापाशीच अडलेला असू शकतो.

प्रयोगापूर्वी यंत्र आतून स्वच्छ करावे. धूळ साचली व खोली तापलेली असली, की प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग उतरवितो. मे महिन्यातील दिल्ली किंवा नागपूर येथे हा दोष सहज घडतो. तेथे उपाय नव्या कार्डाचा नसून ब्रश व पंख्याचा आहे.

रॅम आणि साठवण

खेळ मधूनच क्षणभर अडखळत असेल, तर रॅमकडे पाहावे. ती भरली, की संगणक तिच्यातील मजकूर डिस्कवर ठेवतो व लागेल तेव्हा परत आणतो. 8 जीबीची रॅम आज पुष्कळ खेळांस अपुरी पडते. 16 जीबी हे समंजस प्रमाण होय. शिवाय एकाच पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या, तर माहितीचा मार्ग दुप्पट रुंद होतो. डीडीआर४–2133 जातीच्या एका पट्टीतून सेकंदास सुमारे 17 जीबी वाहू शकतात, दोहोंतून 34. ज्या यंत्रात स्वतंत्र कार्ड नाही, तेथे अंगचे ग्राफिक्स याच रॅमवर जगत असल्यामुळे हा लाभ विशेष जाणवतो.

हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास 7200 वेळा फिरत असली, तरी हवी ती माहिती सुईखाली येण्यास सरासरीने 4 मिलिसेकंदांहून अधिक लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. तिच्यामुळे यंत्र लवकर सुरू होते व खेळ लवकर उघडतो. परंतु चालू खेळातील फ्रेम सहसा वाढत नाहीत. येथे जीन अ‍ॅमडाल यांनी 1967 साली मांडलेला विचार उपयोगी पडतो. खेळ उघडण्यास लागणाऱ्या 60 सेकंदांपैकी 40 डिस्कचे व 20 प्रोसेसरचे असतील, तर डिस्क कितीही वेगवान केली, तरी 20 सेकंद उरतातच.

एक उदाहरण

दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बंगळूरचा एस. पी. रोड येथे कार्यालयांतून निघालेले जुने संगणक मिळतात. असे एक यंत्र घेऊ: 2015 सालचा कोअर आय५–6500 प्रोसेसर, 8 जीबीची एक पट्टी, हार्ड डिस्क, स्वतंत्र कार्ड नाही. येथे पहिला खर्च दुसऱ्या पट्टीचा, दुसरा एसएसडीचा, तिसरा कार्डाचा.

कार्ड घेण्यापूर्वी एसएमपीएस पाहावा. मदरबोर्डवरील खाच कार्डास 75 वॉटपर्यंत वीज देते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसकडून 75 वॉटची सहा टोकांची किंवा 150 वॉटची आठ टोकांची तार लागते. कार्यालयीन यंत्रांत ती बहुधा नसते व कॅबिनेटही अरुंद असते. म्हणून 2019 च्या जीटीएक्स 1650 सारखे, 75 वॉटमध्ये भागणारे व वेगळी तार न मागणारे नमुनेच येथे योग्य. 2022 चे आरएक्स 6500 एक्सटी नव्या मदरबोर्डसाठी योजलेले असून माहितीचे चारच मार्ग वापरते. या जुन्या मदरबोर्डवर त्याचा माहितीमार्ग सेकंदास सुमारे 8 जीबींऐवजी 4 जीबींचाच राहतो.

प्रोसेसर शेवटी. या मदरबोर्डवर 2017 च्या आठव्या पिढीचे प्रोसेसर खाच त्याच नावाची असूनही चालत नाहीत. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अर्थात अशा यंत्रात फार पैसा गुंतवू नये. जो गुंतवावा, तो पुढील यंत्रात नेता येईल अशा भागांत. एसएसडी व कार्ड नेता येतात. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या मदरबोर्डवर बसत नाही.

तात्पर्य, प्रथम स्वच्छता, मग मापन, मग सर्वांत मंद भागाची बदली. प्रत्येक बदलानंतर पुन्हा मापन करावे, कारण एक अडथळा दूर झाला, की दुसरा पुढे येतो. ज्या क्षणी मिळणारी गती आपल्या पडद्यास व गरजेस पुरेशी ठरेल, त्या क्षणी खर्च थांबविणे हाच सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.