साखर उतरवावी, पण किती?

दिवाळी आली की घरोघरी एक जुना वाद रंगतो. घरातील मधुमेही वडीलधाऱ्या माणसाला अनारसा द्यावा की न द्यावा? सुनेचे म्हणणे, एकाने काय होते! मुलाचे म्हणणे, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे! आणि खुद्द आजोबांचे म्हणणे कोणी विचारतच नाही. हा वाद आपण तूर्त बाजूला ठेवू. कारण मधुमेहाच्या उपचारात त्याहून अवघड असा एक प्रश्न आहे, आणि तो साखर चढण्याचा नसून उतरण्याचा आहे. साखर किती खाली आणली म्हणजे ती ‘आटोक्यात’ आली असे म्हणावे?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली, तेव्हा तो नुसता हाडांचा सापळा उरला होता. पहिले औषध अशुद्ध निघाले. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने ते शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा टोचले, आणि मुलगा सावरला. त्या काळी रोगी जगला यातच सारे आले. पण रोगी जगू लागले तशी नवी दुखणी पुढे आली. पंधरा-वीस वर्षांनी कोणाची दृष्टी जाई, कोणाचे मूत्रपिंड थके, तर कोणाच्या पायाची जखम भरून येईना.

हे सारे वाढलेल्या साखरेमुळे होते का, याचा निर्णायक पुरावा १९९३ साली अमेरिका व कॅनडातील १,४४१ रोग्यांच्या पाहणीतून मिळाला. ते सारे इन्सुलिनवाचून जगू न शकणारे, पहिल्या प्रकारचे मधुमेही होते. पुढे १९९८ साली ब्रिटनमधील पाहणीने प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाबाबतही तोच कौल दिला: साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, तर डोळे व मूत्रपिंड यांसारख्या ठिकाणच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी होतात.

मग साहजिकच विचार आला की, थोडी उतरवून एवढा फायदा, तर निरोगी माणसाइतकीच उतरवली तर किती होईल?

उलटा पडलेला डाव

हा विचार पडताळून पाहण्यासाठी अमेरिका व कॅनडात दहा हजारांहून अधिक रोगी निवडण्यात आले. त्यांचे सरासरी वय ६२, आणि बहुतेकांना हृदयविकार तरी जडलेला किंवा त्याचा मोठा धोका तरी असलेला. अर्ध्यांची साखर नेहमीप्रमाणे आटोक्यात ठेवायची, अर्ध्यांची कसून खाली आणायची. २००८ साली ही कसून उपचारांची बाजू मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. कारण त्या गटात २५७ मृत्यू घडले होते, आणि दुसऱ्या गटात २०३!

या जादा मृत्यूंचे नेमके कारण कोणते, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. त्याच वर्षी जाहीर झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत साखर अधिक सावकाश उतरवली होती, व तेथे मृत्यू वाढले नाहीत. मात्र एक धडा पक्का झाला. सर्वांना एकच आकडा लावता येत नाही. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी जी ‘एचबीएवनसी’ची तपासणी असते, तिचा आकडा पुष्कळ प्रौढांत सात टक्क्यांच्या खाली असावा असे सांगतात. पण पंचाहत्तरी उलटलेल्या, इतर व्याधींनी गांजलेल्या माणसाला आठ टक्क्यांच्या आसपासही शहाणपणाचे ठरते.

उतरलेल्या साखरेची खूण

असे का? कारण वाढलेली साखर वर्षानुवर्षे पोखरते, तर उतरलेली साखर काही मिनिटांत माणसाला आडवे करते. रक्तातील साखर सत्तरच्या खाली गेली की घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते, भूक लागते. याहून खाली गेली की बोलणे असंबद्ध होते आणि शुद्धही हरपते. म्हाताऱ्या माणसात पहिल्या खुणा पुष्कळदा दिसतच नाहीत. आजोबा नुसते गोंधळल्यासारखे करतात, आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं आता!’

याला सणाचे दिवस विशेष धोक्याचे. नरकचतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान होते, सवयीने गोळी घेतली जाते किंवा सुई टोचली जाते, आणि मग देवपूजा, पाहुणे यांत फराळाला उशीर होतो. औषध पोटात, अन्नाचा पत्ता नाही! इन्सुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साखर उतरायला एवढे पुरते.

अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. बेसनाचा लाडू देऊ नये. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही न घालता तडक दवाखाना गाठावा.

मजबूत दिसणारी हाडे

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती हाडांची. प्रौढपणी मधुमेह झालेल्यांच्या हाडांची घनता मोजली, तर ती पुष्कळदा नेहमीइतकी किंवा किंचित जास्तच भरते. तरीही त्यांचे खुब्याचे हाड इतरांपेक्षा अधिक वेळा मोडते. भिंत जाड, पण चुना निकस, असा हा प्रकार. त्यातच पायाची बोटे बधिर, नजर अधू, आणि रात्री उतरलेली साखर. मध्यरात्री न्हाणीघराकडे जाताना पाय घसरला की खुबा मोडतो, आणि तेथून कित्येकांचे अंथरुण सुटत नाही. पायोग्लिटाझोन नावाच्या गोळीने तर विशेषतः स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण वाढते. म्हणून ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना मात्र अवश्य विचारावे.

आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये, याला आपल्याकडे आणखी एक कारण आहे. ‘एचबीएवनसी’ची तपासणी तांबड्या रक्तपेशींवर होते. शरीरात लोह कमी असेल, तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल किंवा थॅलॅसेमिया असल्यास तो बहुधा कमी दिसतो. लोहाची उणीव आपल्या स्त्रियांत किती आहे, हे काय सांगावे? अशा बाईच्या गोळ्या केवळ त्या आकड्याकडे पाहून वाढवल्या, तर नको तितकी साखर उतरण्याचा संभव असतो. बोटाला टोचून घेतलेली साखर आणि हा आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टर आधी रक्त तपासतात ते याचसाठी.

तेव्हा या दिवाळीत घरच्या मधुमेही माणसाच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्या. यांच्यासाठी आकडा कोणता? यांच्या गोळ्यांपैकी साखर फार उतरवणारी कोणती? आणि जेवण चुकले तर त्या गोळीचे काय करायचे? उत्तरे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावावीत. अनारशाच्या वादाचा निकालही मग त्याच कागदाच्या आधारे लागेल. आणि हो, त्यात आजोबांचेही मत घ्यावे. साखर त्यांची आहे!