वॉर्साचा सप्टेंबर

दुसरं महायुद्ध शिकवताना मी १ सप्टेंबर १९३९ या तारखेपाशी मुद्दाम रेंगाळतो. जर्मनीने पोलंडवर हल्ला केला, एवढं मुलांना पाठ असतं. पण पुढचे चार आठवडे पोलंडच्या राजधानीतली, वॉर्सातली माणसं कशी जगली, हे कळल्याशिवाय त्या तारखेला काय अर्थ?

३ तारखेला ब्रिटन-फ्रान्सने युद्ध पुकारलं, तेव्हा ब्रिटिश वकिलातीसमोर लोकांनी जल्लोष केला. मदत मात्र आली नाही. सरकारने शहर सोडलं. ६ तारखेच्या रात्री रेडिओवरून आवाहन झालं, धडधाकट पुरुषांनी पूर्वेकडे निघावं. हजारो जण बायकापोरांना मागे ठेवून निघाले.

महापौर स्तेफान स्तारझिन्स्की गेले नाहीत. रेडिओवरून ते लोकांना धीर देत, खंदक खणायला बोलावत. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. माझ्या मते जर्मन वेढ्यात शहर तगलं ते या माणसामुळे.

१३ तारखेला भुकेपायी काही बायका शहराच्या कडेला शेतात बटाटे उकरत होत्या. जर्मन विमानांनी जवळच्या घरावर बॉम्ब टाकले. विमानं गेलीशी वाटून बायका पुन्हा कामाला लागल्या, तोच ती परतली आणि अगदी खाली येऊन त्यांनी मशिनगन चालवली. अमेरिकन छायाचित्रकार ज्युलियन ब्रायन थोड्याच वेळात तिथे पोचले. मेलेल्या बहिणीवर वाकलेली एक लहान मुलगी त्यांनी टिपली. बहीण बोलत का नाही, हेच तिला उमगत नव्हतं. तो फोटो मी वर्गात दाखवतो. कुणी काही विचारत नाही.

पुढे पुढे लोक रस्त्यात मरून पडलेल्या घोड्यांचं मांस कापून नेऊ लागले. २३ तारखेला पियानोवादक व्लादिस्लाव श्पिलमान रेडिओवर शोपँच्या रचना वाजवून गेले, त्याच दिवशी वीजकेंद्र पडलं आणि रेडिओ बंद झाला. २५ तारखेला दिवसभर बॉम्ब पडले. नळाला पाणी नाही, आग विझवणार कशाने? २८ तारखेला शहराने शरणागती पत्करली.

आणि तो पूर्वेचा रस्ता? १७ तारखेलाच तिकडून सोव्हिएत फौजा घुसल्या होत्या. त्या भागातली पोलिश कुटुंबं पुढे मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे नेली गेली. त्यांतून सुटलेले सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून इराणमार्गे आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिले.