टक्का वजनाचा, माप आकारमानाचे

वांग्यावरील शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीसाठी लागणारी कीटकनाशकाची मात्रा संशोधक हेक्टरी क्रियाशील घटकाच्या ग्रॅममध्ये मांडतात. बाटलीवर मात्र टक्के छापलेले असतात, आणि शेतकऱ्याचा प्रश्न असतो : पंपाला किती मिली? वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेच्या परिसरात क्षेत्र बिघा-बिस्व्यात, तर महाराष्ट्रात एकर-गुंठ्यात मोजले जाते. त्यामुळे रूपांतराची आणखी एक पायरी वाढते. यात चूक होऊन मात्रा कमी पडल्यास अळी आटोक्यात येत नाही; वाढल्यास खर्च, फळांतील अवशेष आणि फवारणी करणाऱ्याचा धोका वाढतो.

टक्क्यांचा अर्थ

क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के एससी म्हणजे 100 ग्रॅम द्रवरूप औषधात 18.5 ग्रॅम क्रियाशील घटक. हा टक्का वजनाचा आहे. एक लिटर पाण्याचे वजन 1 किलो असले, तरी या औषधाचे एक लिटर सुमारे 1,080 ग्रॅम भरते. म्हणून लिटरमागे घटक 185 नव्हे, तर 200 ग्रॅम असतो. इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के एसएल आणि 200 एसएल ही वेगवेगळी औषधे वाटतात. प्रत्यक्षात पहिला आकडा वजनाच्या टक्क्यांचा, तर दुसरा प्रतिलिटर ग्रॅमचा आहे. घनता विसरून 178 ग्रॅम धरल्यास मात्रा सुमारे 12 टक्क्यांनी जास्त होते.

हेक्टरपासून पंपापर्यंत

वांग्यासाठी क्लोरँट्रानिलीप्रोलची मात्रा हेक्टरी 40 ग्रॅम क्रियाशील घटक आहे. 40 भागिले 200 म्हणजे 0.2 लिटर, अर्थात 200 मिली. एकरी सुमारे 80 मिली. हेक्टरी 500 लिटर पाणी वापरल्यास 15 लिटरच्या पंपास 6 मिली औषध लागते. 750 लिटर वापरल्यास 4 मिली. हेक्टरी मात्रा तीच राहते, पंपाची बदलते. म्हणून शेताला प्रत्यक्ष किती पाणी लागते, हे आधी साध्या पाण्याची फवारणी करून पाहावे.

दाणेदार औषध आणि झाकण

इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी या दाणेदार औषधाची वांग्यासाठी मात्राही हेक्टरी 200 आहे. परंतु ती ग्रॅममध्ये. त्यातून क्रियाशील घटक 10 ग्रॅमच मिळतो. 500 लिटर पाण्याच्या हिशेबाने पंपास 6 ग्रॅम लागतात. हे 6 ग्रॅम बाटलीच्या मिलीच्या झाकणाने मोजू नयेत. दाण्यांचे 1 मिली म्हणजे 1 ग्रॅम नव्हे. त्यासाठी छोटा वजनकाटाच हवा.

निंबोळी अर्क आणि पीपीएम

5 टक्के निंबोळी अर्कातील टक्का निराळा आहे : 5 किलो निंबोळ्यांपासून 100 लिटर फवारणीद्रव. तयार निमयुक्त औषधांवर पीपीएम लिहिलेले असते. 10,000 पीपीएम म्हणजे 1 टक्का. म्हणून 1,500 पीपीएम अझाडिरेक्टिन 0.15 टक्के ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस देताना हेक्टरी मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि पंपाची मात्रा या तिन्ही बाबी एककांसह लिहून द्याव्यात. हिशेब आणि लेबलवरील मात्रा यांत फरक आढळल्यास लेबल प्रमाण मानावे व हिशेब पुन्हा तपासावा.