परदेशातली सही, गावचं घर
लेखांक ३ : मुखत्यारपत्र

वारसांची नावं प्रॉपर्टी कार्डावर चढवण्यापर्यंत आपण मागच्या आठवड्यात आलो होतो. आता विक्री. समजा, भाऊ साताऱ्यात, बहीण न्यू जर्सीत आणि वडिलांचं घर दोघांच्या नावावर. गिऱ्हाईक ठरलं, इसाराची बोलणी झाली, की फोन जातोच : "ताई, तू कशाला एवढ्या लांबून येतेस? एक कुलमुखत्यारपत्र पाठवून दे, बाकीचं आम्ही बघतो."

ताईंनी इथे थांबावं. एका घरासाठी कुलमुखत्यारपत्राची गरज नसते, विशेष मुखत्यारपत्र पुरतं. त्यात सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा हवी. किमान किंमत आकड्यात आणि अक्षरी लिहावी. ताईंच्या हिश्श्याचे पैसे त्यांच्याच एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीच्या) खात्यात जमा होतील, मुखत्याराला ते रोखीने घेता येणार नाहीत, हेही स्पष्ट लिहावं. यात भावावर अविश्वास नाही. दलाल रोज दारात येऊन बसला की भावालाही अवघड होतं. कागदावरच मर्यादा असली तर त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

मसुदा इथल्या वकिलाकडून करून घ्यावा, आणि तो वकील ताईंचा स्वतःचा हवा. गिऱ्हाइकाचा वकील 'दोघांचंही मीच करतो' म्हणाला तर नम्रपणे नकार द्यावा. मतभेद झाला की तो कुणाच्या बाजूने उभा राहील, हे उघड आहे. फी आणि कामाची व्याप्ती आधी ईमेलवर लिहून घ्यावी.

सही मात्र तिथे. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे परदेशात राहणाऱ्याने नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करून मुखत्यारपत्र साक्षांकित करून घ्यायचं असतं. नोटरीचा मार्ग धरला तर त्यावर तिथल्या राज्य सरकारचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, घ्यावं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे.

कागद भारतात पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मुदत मोजली जाते ती सहीच्या तारखेपासून नव्हे, तर कागद इथे आल्यापासून. म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका! त्यावरचा तारखेचा शिक्काच मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांसमोर पुरावा म्हणून उपयोगी पडतो. महाराष्ट्रात सख्ख्या भावाला मोबदल्याशिवाय विक्रीचा अधिकार दिला तर हे शुल्क नाममात्र आहे; परक्याला दिला तर खरेदीखताइतकं. मुखत्यार कोण, हे ठरवताना हा फरक वकिलाला जरूर विचारा.

खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांसमोर भावाला घोषणापत्र द्यावं लागतं : मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे आणि तिने ते रद्द केलेलं नाही. देणारी व्यक्ती वारली की अधिकार सहसा तिथेच संपतो. वयस्कर वारसांनी सही करून कागद वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नये, ते यासाठीच.

'खरेदीखत नंतर करू, आत्ता माझ्याच नावाने मुखत्यारपत्र द्या' असं गिऱ्हाईक म्हणालं तर पैसे घेऊ नका. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सांगितलं आहे. घर ताईंच्या नावावर राहील, ताबा दुसऱ्याकडे, आणि घरपट्टीची नोटीस ताईंच्याच नावाने निघत राहील.

पुढच्या आठवड्यात : विकणारा परदेशस्थ असेल तर गिऱ्हाइकाने कापायचा कर.