बुलढाण्यात समुद्र : खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीचं नियोजन

खाऱ्या पाण्याच्या माशांचा विषय निघाला की आपल्याकडे कुणीतरी हमखास म्हणतं, "मग लोणारचं पाणी आणू की!" तर सुरुवात तिथूनच करू. लोणारचं पाणी खारं आहे, पण ते समुद्राचं नव्हे. त्यात सोडियमचे कार्बोनेट भरपूर असल्याने त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. समुद्राचा सामू साधारण ८.१ ते ८.३. समुद्री मासा त्या पाण्यात तगणार नाही. शिवाय सरोवराचा परिसर अभयारण्य आहे.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभं राहिलं, ते समुद्राच्या काठावरच. आपल्याला मात्र समुद्र बादलीत तयार करावा लागतो. आणि तो केवळ तयार करून भागत नाही, सांभाळावाही लागतो.

हिशेब करून पाहू. ९० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकीत सुमारे १८० लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर दीडशे धरा. लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे सव्वापाच किलो मीठ झालं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम, कॅल्शियम नसतं. मत्स्यालयासाठीचं सागरी मीठ आरओच्या पाण्यात वेगळ्या ड्रममध्ये आदल्या दिवशी विरघळवायचं. दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं. आरओ करताना बरंच पाणी बाहेर जातं, ते धुण्याला वापरा. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल, तर हा हिशेब आधी घरच्यांसमोर मांडा.

आता एक नेहमीची चूक. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्याने करायची, खाऱ्या नव्हे. रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास दिसलं की ठीक.

मग मासे कधी? सगळ्यात शेवटी! लोणचं मुरतं तशी टाकीही मुरावी लागते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. हे जिवाणू रुजायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहायचं आणि चाचणी संचाने दोन्ही शून्यावर आल्याची खात्री करायची.

आपली खरी परीक्षा मे महिन्यात. घाटाखाली, मलकापूर-खामगावकडे पारा चाळिशी ओलांडतो. टाकीला २५ ते २७ अंश हवेत. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्यातच वीज गेली की मासे गुदमरतात. पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा आणि बॅटरीवरचा हवापंप आधीच घेऊन ठेवा.

म्हणून आम्ही सुचवू : टाकी मार्चमध्ये मांडा, मासा सोडू नका. मे महिनाभर रोज तापमान आणि क्षारता वहीत लिहा. आकडे स्थिर राहिले, तर पावसाळ्यात प्रजनन केंद्रात वाढलेली क्लाउनफिशची जोडी आणा. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुणी दिले तरी घेऊ नका.

आणि आकडे स्थिर राहिलेच नाहीत तर? त्याच टाकीत गोड्या पाण्याचे मासे ठेवा. मीठ वाया गेलं असेल, पण एकही जीव गेलेला नसेल.