बर्फावरच्या गाडीला कायद्याचा लगाम

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्नोमोबाइल बर्फावर काढायची, तर पुढचा दिवा, मागचा दिवा आणि नीट लागणारे ब्रेक हवेतच. हँडलच्या पुढे दोन्ही बाजूंना किमान १६ चौरस इंच चकाकती पट्टीही लागते. खरी गंमत थ्रॉटलची. अंगठ्याचा दाब सुटला, की गाडीला पुढे नेणाऱ्या खालच्या पट्ट्याला मिळणारी ताकद तुटलीच पाहिजे. चालक पडला, तरी गाडी उधळत नाही.

आवाजालाही माप आहे. फेब्रुवारी १९७५ नंतरच्या प्रमाणित गाड्यांचा आवाज पूर्ण थ्रॉटलवर, ५० फुटांवरून ७८ डेसिबलच्या आत असतो. सुरुवातीच्या गाड्या शंभरी ओलांडत. दहा डेसिबल घटले, की ध्वनीची तीव्रता एकदशांश होते. सायलेन्सर काढून रुबाब वाढत नाही. कायदा मात्र मोडतो.