पडद्यावरची मारामारी आणि आपली मुले



या पानावर आपण बेणे, खत, पाणी यांविषयी नेहमी वाचता. आज जरा वेगळा विषय घेतो. गेल्या हंगामात काट्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागली होती. आठ-नऊ वर्षांची दोन पोरं हातात उसाची कांडकी धरून एकमेकांवर गोळ्या झाडत होती. असे खेळ आपणही खेळलो. 1975 साली 'शोले' आला तेव्हा आळीआळीत गब्बर झाले होते. पण यातल्या एकाने खाली पडलेल्या सोबत्याच्या छातीवर पाय देऊन अशी शिवी हासडली, की ड्रायव्हर मंडळीही गप्प झाली. विचारलं तर म्हणाला, "मोबाईलमधी तसंच करतेत."

मग पाहून पोर बिघडते का? अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1961 साली लहान मुलांवर प्रयोग केला. ढकलली तरी पुन्हा उभी राहणारी, हवा भरलेली बाहुली घेतली. मोठ्या माणसाने तिला हातोडीने बडवलेले ज्या मुलांनी पाहिले, त्यांनीही तसेच बडवले, तोंडचे शब्दसुद्धा तेच. 1963 साली हाच प्रकार पडद्यावर दाखवला, तरी मुलांनी नक्कल केलीच. 1965 चा प्रयोग तर नीट समजून घ्यावा असा आहे. मारणाऱ्याला शेवटी शिक्षा झाली असे ज्यांनी पाहिले, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण "पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस देऊ" म्हटल्यावर तीही इतरांच्या बरोबरीने करून दाखवू लागली. म्हणजे शिकणे आधीच झाले होते. "शेवटी व्हिलनला मार बसतोच की!" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

अर्थात बाहुलीला मारणे निराळे आणि माणसाला मारणे निराळे. सिनेमा पाहणारा प्रत्येक पोरगा गुंड होत नाही. घरातली दारू नि मारझोड पोराला जास्त बिघडवते, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. 1997 साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाली. तो वाचवायला येईल या आशेने मुलांनी जीव धोक्यात घातल्याच्या बातम्या आल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या का, यावर वादही झाला. पण लहान पोराला खरे-खोटे वेगळे करता येत नाही, एवढे तर आपल्याला घरातच दिसते.

तेव्हा टीव्ही एक होता, सगळे मिळून पाहत. आता तोडणी चालू असली की पोर रडू नये म्हणून फोन त्याच्या हाती देऊन आपण फडात जातो. ते काय पाहते, कोणाला ठाऊक?

2023 च्या कायदादुरुस्तीने सिनेमाला 7, 13 व 16 वर्षांवरील अशा पायऱ्या आल्या. मोबाईलवरच्या मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना 2021 च्या नियमांनी 13 वर्षांवरील व त्यापुढच्या गटाच्या कार्यक्रमांसाठी पालकांच्या कुलुपाची सोय ठेवावी लागते. हे कुलूप सेटिंगमध्ये असते. आपल्याला जमत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याकडून लावून घ्या, मात्र आकडा पोरासमोर टाकू नका. दोन-दोन मिनिटांच्या व्हिडिओंना वयाची अशी पायरी नसते. तिथे रात्री जेवताना शेजारी बसून "काय पाहिलंस रे आज?" एवढे विचारावेच लागेल.